हेड उघडण्याआधी: चढावर तापणाऱ्या जुन्या इंजिनाचं निदान

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बावीस वर्षांची पेट्रोल गाडी, चार सिलिंडर, लोखंडी ब्लॉक, अॅल्युमिनियमचं हेड. गर्दीत, सिग्नलला तापमानाचा काटा मधोमध राहतो. पण लांब चढ लागला किंवा मोठ्या रस्त्यावर अर्धा-पाऊण तास वेगात चालवली की काटा लाल पट्टीकडे सरकतो. आधी कूलंट बदललं, मग थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणारी झडप) काढून टाकला, मग वॉटर पंप नवा बसवला. फरक काही पडला नाही. आता गॅरेजवाले म्हणतात, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलं असणार, हेड उघडू. उघडू द्यावं का?

अजून नको. हेड गॅस्केट गेलेलं असूही शकतं, पण ते ठरवायला हेड उघडावं लागत नाही. बाहेरून अर्ध्या तासात कळतं, त्याची रीत पुढे लिहितो. आणि तुम्ही जे लक्षण सांगताय त्यावरून माझा पहिला संशय हेडवर नाही, रेडिएटरवर आहे.

गाडी तापते म्हटल्यावर बहुतेक जण 'कोणता पार्ट गेला' असं विचारतात. मी आधी 'कधी तापते' हे विचारतो, कारण निम्मं निदान त्या एका उत्तरात असतं. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग पाण्यात उतरतो आणि तो रेडिएटरला बाहेर टाकावा लागतो. गाडी जागेवर उभी असताना इंजिन फार थोडं इंधन जाळतं, म्हणून उष्णताही थोडीच असते. पण तेव्हा समोरून वारा नसतो, सगळी भिस्त पंख्यावर. म्हणून गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागली की निवते, अशी गाडी असेल तर पंखा, त्याचा स्विच, रिले, आच्छादन बघायचं. चढावर याच्या उलट असतं. समोरून वारा भरपूर, पण उष्णता कित्येक पट. तिथे तापते, याचा अर्थ पाणी पुरेसं फिरत नाही किंवा फिरलेलं पाणी रेडिएटरमध्ये पुरेसं निवत नाही. थंड इंजिन सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच काटा चढत असेल तर तो तिसरा प्रकार: थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलाय, पाणी कमी आहे किंवा कुठेतरी हवा धरलीय. तुमची गाडी दुसऱ्या प्रकारातली आहे, सरळसरळ.

पण आधी एक खात्री करून घ्या. गाडी खरंच तापते, की नुसता काटा वर जातो? जुन्या गाडीत ही शंका घ्यायलाच हवी. तापमानाचा सेन्सर एका तारेवर चालतो आणि बाकीचं सर्किट इंजिनाच्या अर्थिंगमधून पूर्ण होतं. ती अर्थची पट्टी गंजली की काटा खोटं बोलायला लागतो. सोपी ओळख म्हणजे हेडलाइट आणि आतला ब्लोअर एकदम चालू करा. त्या क्षणी काटा सरकला तर दोष तारेचा आहे, कारण पाणी काही एका सेकंदात तापत नाही. त्यानंतर इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन थर्मोस्टॅटच्या घराजवळ मोजा. ही बंदूक चकचकीत अॅल्युमिनियमवर तापमान बरंच कमी दाखवते. म्हणून मोजायच्या जागी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावा किंवा काळ्या रंगाचा मॅट ठिपका द्या आणि त्यावरच नेम धरा. हे माहीत नसल्यामुळे 'मोजलं तर सत्तरच आलं' म्हणून लोक निर्धास्त झालेले मी पाहिलेत.

उलटंही होतं. काटा वर जाता जाता अचानक थंडीकडे पडतो आणि चालकाला वाटतं, सुटलो. प्रत्यक्षात पाणी इतकं कमी झालेलं असतं की सेन्सर पाण्याबाहेर कोरडा पडलेला असतो. त्या वेळी इंजिन लगेच बंद करायला हवं. पाणी खरंच कमी झालंय का, हे ओळखायला आतला हीटर उपयोगी पडतो. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा येतेय, म्हणजे हीटरपर्यंत पाणीच पोहोचत नाही. एक तर पाणी संपलंय किंवा ते फिरत नाही. तुम्ही पुढच्या वेळी चढावर असताना हीटर पूर्ण गरमवर, ब्लोअर पूर्ण जोरात करून बघा. कडक गरम हवा आली आणि काटा थोडा उतरला, तर पाणी आहे आणि फिरतंही आहे, फक्त उष्णता बाहेर जायला जागा अपुरी पडतेय. हीटर म्हणजे आतला एक छोटा रेडिएटरच. त्याच्या मदतीने काटा उतरत असेल तर मोठा रेडिएटर आपलं काम पुरं करत नाही, हे त्यातून दिसतं.

आता रेडिएटरची कॅप. कामाच्या मानाने या पार्टकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. ती नुसतं झाकण नाही, तिच्यात दोन झडपा असतात. पहिली आतला दाब ठरावीक आकड्यापर्यंत धरून ठेवते. तो आकडा कॅपवरच छापलेला असतो, बहुधा ०.९ किंवा १.१ बार. साधं पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळतं. ०.९ बारचा दाब धरला की ते सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही, आणि निम्मं कूलंट घातलेलं असेल तर १२५च्याही पुढे जातं. कॅप दाब धरत नसेल तर ही सगळी सवलत जाते. त्यात उंचीचा भाग आहे. दर ३०० मीटर चढलात की पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशाने खाली येतो. १५०० मीटरवर उघडं पाणी ९५च्या आसपासच उकळेल. म्हणजे नेमकं चढ चढताना, उष्णता सर्वांत जास्त असताना, ढिली कॅप तुम्हाला सोडून देते. पाणी हेडमधल्या तप्त जागांवर उकळतं, तिथे वाफेचे बुडबुडे धरतात, आणि वाफ पाण्यासारखी उष्णता वाहून नेत नाही. तिथून पुढे काटा फार वेगाने पळतो.

दुसरी झडप उलट्या दिशेची. इंजिन निवताना आतलं पाणी आकसतं, तेव्हा बाजूच्या डब्यातलं पाणी ती आत ओढू देते. ती अडकली असेल तर सकाळी बॉनेट उघडल्यावर वरचा होज पाइप आत चेपलेला दिसतो. असा पाइप दिसला की आधी कॅप बदला. माझ्या मते दहा वर्षांपुढच्या गाडीत कॅप तपासत बसण्यापेक्षा त्याच आकड्याची नवी, चांगल्या प्रतीची कॅप बसवून मग पुढचं निदान करावं. जास्त दाबाची कॅप लावून बघू, असं मात्र करू नका. जुने होज, जुनी हीटर कोअर आणि रेडिएटरचे सांधे तो जादा दाब सोसणार नाहीत.

आणि ही कॅप गरम इंजिनावर कधीही उघडू नका. फडकं धरून नाही, हळूहळू नाही, अजिबात नाही. दाबाखालचं ११० अंशांचं पाणी मोकळं झालं की त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते आणि ती उरलेलं उकळतं पाणी तोंडावर फेकते. वरचा होज हातात सहज धरता येईल इतका निवला आणि दाबल्यावर मऊ लागला, की मगच कॅपला हात लावा. मी ज्यांच्याकडे काम शिकलो त्यांच्या हातावर त्या भाजण्याचे डाग शेवटपर्यंत होते.

आता तुम्ही केलेल्या दुरुस्त्यांकडे येतो. थर्मोस्टॅट काढून टाकणं ही चूक झाली, तो परत बसवा. बरेच कारागीर हे करतात आणि गैरहेतूने करत नाहीत. त्यांना वाटतं, अडथळा गेला, पाणी मोकळं फिरेल. पण अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी एक चकती असते. थंड इंजिनात पाणी बायपासच्या वाटेने परत पंपाकडे फिरतं. थर्मोस्टॅट उघडताना ही खालची चकती ती बायपासची वाट बंद करते, म्हणजे सगळं पाणी रेडिएटरकडे जातं. तुम्ही थर्मोस्टॅटच काढलात तर बायपास कायमचा उघडा राहतो, आणि गरम पाण्याचा एक भाग रेडिएटर न बघताच गोल फिरत राहतो. म्हणजे ज्या त्रासासाठी काढला तोच वाढतो. शिवाय सपाट रस्त्यावर इंजिन धड तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमधली वाफ उडत नाही आणि सिलिंडरची झीज वाढते.

यावर एक समजूत नेहमी ऐकू येते: थर्मोस्टॅट नसला की पाणी इतक्या वेगाने पळतं की त्याला रेडिएटरमध्ये निवायला वेळच मिळत नाही. हे खरं नाही. पाणी वेगाने फिरलं तर ते रेडिएटरमध्ये पुन्हा पुन्हा येतं आणि एकूण उष्णता जास्तच बाहेर जाते. दोष वेगाचा नसून उघड्या राहिलेल्या बायपासचा असतो.

नवा थर्मोस्टॅट बसवण्याआधी पातेल्यात पाणी घेऊन तपासा. दोरीने टांगून ठेवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर सोडा. त्यावर कोरलेल्या आकड्याच्या, म्हणजे ८२ किंवा ८८ अंशांच्या, आसपास तो हलायला लागला पाहिजे आणि त्याच्या पुढे दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. नवा आहे म्हणून चांगलाच असेल असं धरू नका. बसवताना स्प्रिंगची बाजू इंजिनाकडे, आणि त्याच्या कडेला हवा सुटण्यासाठी बारीक छिद्र किंवा हलती पिन असेल तर ती वरच्या अंगाला.

आता रेडिएटर. तुमच्या पूर्ण वर्णनात रेडिएटरला कोणी हात लावल्याचा उल्लेख नाही, आणि बावीस वर्षांच्या गाडीत मला तेच खटकलं.

रेडिएटर दोन प्रकारे चोक होतो. बाहेरून होतो तो सोपा. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि त्या दोघांमधल्या बोटभर फटीत वर्षानुवर्षं धूळ, किडे, गवताचं कुसळ साठत जातं. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि आपण समाधानाने बॉनेट बंद करतो. खरा गाळ मागे असतो. रेडिएटर वरून सैल करून थोडा मागे कलवला तर टॉर्चच्या उजेडात नमद्यासारखा थर दिसेल. तो इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला हलक्या दाबाच्या पाण्याने धुवायचा. जोराचा प्रेशर पंप मारला तर जाळीच्या पापुद्र्यासारख्या पात्या आडव्या होतात आणि वाटा आणखी बंद होतात. जाळी चिमटीत धरून बघा. बोटाच्या दाबाने तिचा भुगा होत असेल तर पात्या नळ्यांपासून सुटल्यात आणि तो रेडिएटर धुऊन काही उपयोग नाही.

आतून चोक होतो तो अवघड, कारण दिसत नाही. साधं, क्षारयुक्त पाणी वर्षानुवर्षं घातलं की नळ्यांच्या आत क्षारांचा थर धरतो. लोखंडी ब्लॉकचा गंज सुटून येतो. कधीकाळी कोणी गळती बंद करायची पावडर ओतलेली असते, ती गळतीच्या भोकाबरोबर चांगल्या नळ्याही बुजवते. चाळीस नळ्यांपैकी पंधरा बुजल्या तरी गर्दीत गाडीला काहीच होत नाही, कारण तेव्हा उरलेल्या पंचवीस पुरतात. चढावर मात्र त्या कमी पडतात. म्हणूनच हा दोष वर्षभर हळूहळू वाढतो आणि पहिल्यांदा एखाद्या मोठ्या चढावर, भरलेल्या गाडीत, एसी चालू असताना कळतो.

तपासायची रीत अशी. थर्मोस्टॅट परत बसवल्यानंतर गाडी पूर्ण गरम होईपर्यंत फिरवून आणा. इंजिन बंद करा, पंखा थांबलाय आणि विजेवरचा असेल तर त्याची जोडणी सोडलीय याची खात्री करा, कारण तो बंद इंजिनातही अचानक फिरू शकतो. मग जाळीवर ठिकठिकाणी थर्मामीटर धरून कागदावर आकडे मांडा, वरून खाली आणि डावीकडून उजवीकडे, पंधरा-वीस ठिकाणी. पाणी आत येतं त्या बाजूकडून बाहेर जातं त्या बाजूपर्यंत तापमान सावकाश, सारखं उतरत गेलं पाहिजे. मध्येच एखादा पट्टा किंवा कोपरा आजूबाजूपेक्षा एकदम पंधरा-वीस अंशांनी गार लागला, तर तिथल्या नळ्यांत पाणी जात नाही. दोन्ही टोकांमधला फरकही बोलतो. वरचा होज कडक गरम आणि खालचा जेमतेम कोमट असेल तर पाणी फार थोडं फिरतंय. दोन्ही जवळजवळ सारखेच कडक असतील तर पाणी फिरतंय पण हवा त्याची उष्णता नेत नाही, म्हणजे बाहेरची जाळी किंवा पंखा बघा.

यावर मी इतकं लांबून लिहितोय त्याला कारण आहे. कामाच्या पहिल्या काही वर्षांत अशीच एक गाडी माझ्याकडे आली होती. चढावर तापायची, पाणीही थोडं कमी व्हायचं. मी खात्रीने सांगितलं, हेड गॅस्केट. हेड उतरवलं, फेसिंग करून (त्याची बाजू घासून सपाट करून) घेतलं, गॅस्केट नवं घातलं, मालकाने विश्वासाने पैसे दिले. चौथ्या दिवशी गाडी त्याच चढावर तशीच तापली. रेडिएटर काढून उलटा धरला तर खालच्या टाकीतून ओंजळभर तांबडा गाळ पडला. उतरवलेल्या जुन्या गॅस्केटवर जळाल्याची एकही खूण नव्हती आणि ते मला हेड उतरवल्याच क्षणी दिसायला हवं होतं. तेव्हापासून रेडिएटरचे आकडे कागदावर मांडल्याशिवाय मी हेडच्या नटाला पाना लावत नाही.

रेडिएटर तांब्या-पितळेचा असेल तर वरची टाकी सोडवून नळ्यांमधून सळ्या फिरवून घेता येतात, रॉडिंग म्हणतात ते. मनापासून केलेलं रॉडिंग आणखी बरीच वर्षं काढतं. अॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकच्या टाक्या असतील तर उलट्या दिशेने पाणी सोडून एकदा साफ करून बघा, पण आकडे सुधारले नाहीत तर नवाच घ्या. प्लॅस्टिकची टाकी त्या वयात ठिसूळ झालेली असते. ती उघडून परत चेपून बसवली तर सांधा फार काळ टिकत नाही. रेडिएटर साफ करताना ब्लॉकही धुऊन घ्या. पाणी सोडायचा बोल्ट ब्लॉकवर असतो. तो उघडूनही पाणी येत नसेल तर आत तारेने टोकरा. गाळ तिथेच, सहसा मागच्या सिलिंडरांभोवती बसलेला असतो. तो तसाच ठेवून नवा रेडिएटर बसवलात तर काही महिन्यांत तो गाळ नव्या नळ्यांत येतो.

रेडिएटर निर्दोष निघाला तर खालचा होज बघा. पंप या पाइपातून पाणी ओढतो, म्हणून यात शोषण असतं. रबर जुनं होऊन मऊ पडलं, किंवा आतली आधाराची स्प्रिंग गंजून गेली, तर इंजिन वेगात असताना हा पाइप चपटा होतो आणि पाणी अडतं. उभ्या गाडीत, मंद वेगात तो गोलच दिसतो. कोणाला तरी गाडीत बसवून, न्यूट्रलमध्ये, गरम इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवायला सांगा आणि पाइपाकडे बघत राहा. हात, बाही, गळ्यातलं काही पट्ट्याजवळ नेऊ नका.

वॉटर पंप तुम्ही बदललात, पण नव्या पंपाबद्दलही दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, पंपातली पाणी ढकलणारी पात्यांची चकती जुन्यासारखीच आहे का. काही पंप दिसायला सारखे असतात, पण एक व्ही पट्ट्यासाठी आणि दुसरा मागच्या बाजूने फिरवणाऱ्या चपट्या पट्ट्यासाठी असतो, त्यांची फिरण्याची दिशा उलट असते. चुकीचा बसला तर पाणी फिरतं, पण फारच कमी. दुसरी, पट्टा. तेल लागलेला किंवा चकचकीत झालेला पट्टा भाराखाली घसरतो. जुना पंप फेकला नसेल तर तोही बघा. पात्या गंजून अर्ध्या झाल्या असतील तर पंप बदलणं योग्यच होतं आणि पात्यांचा तो गंज आता रेडिएटरमध्ये आहे.

पंख्याबद्दल थोडक्यात, कारण तुमचं लक्षण त्याचं नाही. पट्ट्यावरच्या पंख्याला व्हिस्कस क्लच (घट्ट तेलातून पंख्याला फिरवणारी जोडणी) असेल तर गरम इंजिन बंद करताक्षणी पंखा एखादा वेढा घेऊन थांबायला हवा. मोकळा फिरत राहिला तर क्लचमधलं सिलिकॉनचं तेल गेलंय. विजेचा पंखा असेल तर हवा कुठल्या दिशेने जाते ते कागदाचा तुकडा धरून बघा, मोटर बदलताना तारा उलट जोडल्या गेल्या की पंखा पुढच्या वाऱ्याशीच झगडत राहतो. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं आच्छादन काढून ठेवलेलं असेल तर ते परत लावा. त्याच्याशिवाय पंखा जाळीतून हवा ओढण्याऐवजी कडेची हवाच घुसळतो.

काही वेळा कूलिंगचे सगळे भाग चांगले असतात आणि इंजिनच गरजेपेक्षा जास्त उष्णता तयार करतं. डिस्ट्रिब्युटरच्या इंजिनात टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे पडलं, किंवा ती वेळ पुढे आणणाऱ्या व्हॅक्यूम अॅडव्हान्सचा पडदा फाटला, की जळण उशिरा होतं आणि उष्णता पिस्टनऐवजी भिंतींत आणि एक्झॉस्टमध्ये जाते. अशी गाडी चढावर ओढतही नाही. मिश्रण फार पातळ झालं, सायलेन्सर किंवा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आतून बंद झाला, क्लच घसरतोय, एखादा ब्रेक धरून राहिलाय, तरी इंजिनावर बोजा येतोच. चढ उतरल्यावर चारही चाकांच्या ड्रमवर थर्मामीटर धरा. एकच चाक बाकीच्यांपेक्षा फार तापलेलं असेल तर उत्तर तिथे आहे. ज्या गाडीची ओढही कमी झालीय आणि तीच तापतेय, तिचं टायमिंग मी रेडिएटरच्याही आधी बघतो.

आता हेड गॅस्केट, बाहेरून. सकाळी, रात्रभर निवलेलं इंजिन. पाणी काठोकाठ भरा, कॅप लावा, सुरू करा. दोन मिनिटांत वरचा होज दगडासारखा कडक झाला तर ते वाईट, कारण इतक्यात पाणी तापून दाब येऊ शकत नाही, तो सिलिंडरमधला गॅस आहे. प्रेशर टेस्टर (कॅपच्या जागी बसवून दाब भरायचा हातपंप) मिळाला तर काम आणखी पक्कं होतं. इंजिन बंद असताना कॅपवरच्या आकड्याइतका दाब भरून पंधरा मिनिटं ठेवा. दाब उतरला आणि बाहेर कुठे ओल नाही, तर पाणी आत कुठेतरी जातंय. आधी गाडीतला पायाखालचा गालिचा हाताने दाबून बघा, तिथे चिकट ओल असेल तर हीटर कोअर गळतेय.

सगळ्यात भरवशाची चाचणी निळ्या द्रावाची. रेडिएटरच्या तोंडावर नळी बसवून आतली हवा त्या द्रावातून ओढतात. ज्वलनाचा कार्बन डायऑक्साइड पाण्यात शिरत असेल तर निळा रंग पिवळा होतो. इंजिन थंड असताना कॅप काढून पाण्याची पातळी चार बोटं खाली घ्या, मग नळी बसवून इंजिन गरम होऊ द्या. पाणी ओढलं गेलं तर द्राव खराब होतो. ही चाचणी चढ चढून आल्यावर परत करा, काही गॅस्केटं भार आल्यावरच सुटतात. त्यासाठी आधी इंजिन पुरेसं निवू द्या.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसली म्हणून घाबरू नका. थोड्या थोड्या अंतरावर चालणाऱ्या गाडीत, विशेषतः थर्मोस्टॅट काढलेल्या गाडीत, वाफ गोठून ती साय धरतेच. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधाळ झालं असेल तर मात्र गाडी सुरूही करू नका. स्पार्क प्लगही काढून बघा. चारांपैकी एकच प्लग धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जातंय.

या सगळ्यांतून होकार आला तर हेड जरूर उघडा, मग टाळू नका. अॅल्युमिनियम गरम झाल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून तापलेल्या इंजिनात हेड वाकतं. सरळ पट्टी आणि फीलर गेजने लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांवर मोजून घ्या. बहुतेक इंजिनांत मर्यादा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते, तुमच्या इंजिनाचा आकडा त्याच्या मॅन्युअलमधून घ्या. हेडला तडा आहे का हे दाबाखाली तपासायला सांगा. बोल्ट एकदाच वापरायच्या जातीचे असतील तर नवेच घ्या आणि टॉर्क रेंचने, दिलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्यानेच आवळा. आणि हेड केलं तरी रेडिएटर तपासा, कारण गॅस्केट बहुधा आधीच्या कुठल्या तरी तापण्यामुळेच गेलेलं असतं.

पाणी भरताना डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं. कूलंट रंगावरून निवडू नका, कंपन्या आपापल्या मर्जीने रंग देतात. डब्यावर जात काय लिहिलीय आणि गाडीच्या पुस्तकात काय सांगितलंय तेच बघा. दोन जाती एकमेकांत मिसळल्या की काही वेळा गाळ धरतो. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका. इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं ते चाटतात. भरताना हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक थोडं उंच करा, हवा सोडायचा स्क्रू असेल तर त्यातून बुडबुड्यांशिवाय सलग धार येईपर्यंत उघडा ठेवा. इंजिन मंद चालवत पातळी खाली जाईल तशी भरत राहा. काटा वर-खाली नाचत असेल तर हवा अजून आत आहे.

तोवर गाडी चालवावीच लागली तर चढाआधीच एसी बंद करा, खालचा गिअर घेऊन इंजिनाला दम लागू देऊ नका. काटा तीन-चतुर्थांशावर गेला की हीटर पूर्ण उघडा. तरी चढत राहिला तर बाजूला घेऊन बंद करा आणि किमान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतलंत तर आतापर्यंत शाबूत असलेल्या हेडला तडा जाऊ शकतो.

क्रम असा ठेवा: काटा खरा आहे का, नवी कॅप, थर्मोस्टॅट परत, रेडिएटरचे आकडे, खालचा होज, टायमिंग, आणि त्यानंतर निळ्या द्रावाची चाचणी. प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा त्याच चढावर, तेवढ्याच माणसांनिशी, एसी चालू ठेवून गाडी न्या. दुरुस्ती बरोबर झाली असेल तर काटा चढाच्या मध्यावर किंचित उचलेल आणि तिथेच थांबेल, माथ्यावर आल्यावर दोन-तीन मिनिटांत परत जागेवर येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनात, पातळी बघा आणि डब्यावर खडूने खूण करून ठेवा. आठवडाभर ती खूण हलली नाही, तर हेडला हात लावायची गरज नाही.